पूर्णतः आश्रित

३ नोव्हें., सोमवार

सु.नं आज परत कप धुतले. मी धुऊन पालथे घातलेले तीन कप आणि गाळणी. खांद्याला पर्स, नवा रायपूरला मंत्रालयात जाणाऱ्या बसला दहा मिनिटं, तरी उभ्या उभ्या नळाखाली धरले. "तुमच्या हातानं साबण राहते." राहत नाही. मी बोट फिरवून पाहतो. दीड वर्ष मी भांडी घासतो आहे आणि दीड वर्ष सुषमा माझ्यामागून धुते आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या कारणावर घटस्फोट मिळतो का, विचारायला हवं.

सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये एकोणीस वर्षं लॉगबुक लिहिलं. भट्टीचं तापमान, काय बिघडलं, कोणाला सांगितलं. डावा खुबा गेला, त्यामागून नोकरी गेली, लिहायची सवय तेवढी उरली. आता भट्टी नाही तर बायको.

भाजी: लाल भाजी, वरण. मीठ बरोबर होतं. कोणी बोललं नाही म्हणजे बरोबर.

५ नोव्हें., बुधवार

गॅसवाला आला. मी दार उघडलं, हातात लाटणं. माझ्या खांद्यावरून आत पाहत, "मैडम नहीं हैं?" म्हटलं मी आहे. "नहीं, वो बुकिंग वाला नंबर मैडम बताती हैं." नंबर मला पाठ आहे. सांगितला. तरी त्याला पटलं नाही, जाता जाता म्हणाला, भाभी को बोल देना सिलेंडर आ गया.

आणि सिलिंडर मात्र दारातच ठेवून गेला. घरात पुरुष माणूस आहे म्हटल्यावर आत कोण नेऊन देतो. मीच ओढत स्वयंपाकघरात नेलं. दुपारभर आडवा. श्रेया कॉलेजातून आली, म्हणाली, "पापा, मुझे बोल देते न." वीस वर्षांची पोरगी, मराठी सगळं समजतं, उत्तर कधी मराठीत नाही. मी म्हटलं तुले कायले सांगू, मी हाव ना. तिनं मला मूव्ह चोळून दिलं.

म्हणजे लाटण्याला मी पुरुष नाही आणि सिलिंडरला आहे.

९ नोव्हें., रविवार

विहारात वंदना. मग खीर. बायका वाढत होत्या, पुरुष खुर्च्यांवर. धनराजभाऊ समितीचे अध्यक्ष, माइकवर अर्धा तास समतेवर बोलले, मग बसल्या जागेवरून वहिनींना हाक मारली, पाणी आण म्हणून. वहिनी तीन रांगा ओलांडून पाणी घेऊन आल्या. कोणाला काही वाटलं नाही. मलाही दीड वर्षापूर्वी वाटलं नसतं.

भाऊंनी मला विचारलं, "काय करून राहिला आजकाल?" मी तोंड उघडायच्या आत सु. म्हणाली, "कन्सल्टन्सी करतेत." सिलतऱ्याच्या दोन कंपन्यांचंही सांगून टाकलं. भाऊंनी पाठ थोपटली.

रिक्षात बसलो. घराजवळ आल्यावर म्हणाली, "मंग काय सांगू? घरी पोळ्या लाटतेत म्हनू?" म्हणू शकत होती. मीही भाऊंना म्हणू शकत होतो. दोघंही म्हणालो नाही.

१२ नोव्हें., बुधवार

खुब्याचं निघालं. डॉक्टरनं सांगून चार महिने झाले, सांधा बदलल्याशिवाय इलाज नाही. सु.च्या ऑफिसातून खर्चाची मंजुरी मिळते, पण त्यासाठी मी तिच्या कुटुंबात आश्रित म्हणून लागायला हवा. कर्मचारी पुरुष असला तर बायकोचं नाव दिलं की झालं. कर्मचारी बाई असली तर त्यांच्या बाबूला नवऱ्याचं शपथपत्र लागतं. मजकूर बाबूनंच लिहून दिला आहे, सु.नं फोनवर दाखवला:

"मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि मैं अपनी पत्नी पर पूर्णतः आश्रित हूँ, मेरी आय का कोई साधन नहीं है तथा मैं उसके साथ निवासरत हूँ."

मी म्हटलं, हे मी लिहून देणार नाही. वर नोटरीचा शिक्का, खाली माझी सही, आणि मधे ते पूर्णतः. नुसतं आश्रित म्हणाले असते तरी पाहिलं असतं.

सु.नं फोन पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, "तुमच्या प्लांटच्या कार्डावर अकरा वर्षं माझा फोटो होता. खाली लिहून होतं, आश्रित. मले कोणं विचारलं होतं?"

ती परीक्षा देऊन नोकरीला लागली त्याच्या आधीची गोष्ट. ते कार्ड मीच बनवून आणलं होतं. फोटो चांगला आला म्हणून खूश होतो. खालची ओळ तेव्हा वाचल्याचं आठवत नाही.

१५ नोव्हें., शनिवार

कुकरची रिंग सैल झाली म्हणून गोल बाजारात गेलो. भांड्यांच्या दुकानात म्हटलं, पाच लिटर, आतल्या झाकणाचा कुकर, त्याची रिंग. दुकानदार म्हणाला, "भैया, घर फोन लगा के पूछ लो, लोग गलत ले जाते हैं फिर भाभी लोग वापस भेजती हैं." मी म्हटलं कुकर मी चालवतो. तो हसला. मला गमतीदार गिऱ्हाईक समजला असावा. शेजारी उभ्या बाईला विचारलं, दीदी, आप ही देख दीजिए. तिनं माझ्या हातातली रिंग पाहिली आणि म्हणाली, हव, सही हे. तेव्हा त्यानं बिल केलं.

रिंग बरोबर बसली. शिट्टी पहिल्यासारखी.

संध्याकाळी सु. आली, पर्स टेबलावर टाकली आणि सोफ्यावरूनच म्हणाली, "पानी." मी दिलं. पण चिडलो. टेबल आत्ताच पुसलं होतं, पर्सला खुंटी आहे, खुंटीवर तिचं नाव लिहायचं बाकी आहे. मी सिलतऱ्याहून यायचो तेव्हा मीही दारातूनच पाणी म्हणायचो, हे खरं आहे. पण मी भट्टीवरून यायचो. असं मनात आलं, आणि ती ए.सी.त बसून येते असंही आलं. लिहून ठेवतो आहे, कारण हे मोठ्यानं बोलायची हिंमत नाही.

१९ नोव्हें., बुधवार

जिना दोन पायऱ्यांच्या वर जमत नाही. मांडी घालून बसणं बंद. मोजे श्रेया चढवते. हॉस्पिटलनं तारीख दिली, १८ डिसेंबर, मंजुरीचं पत्र आधी आलं तर. डॉक्टर म्हणाला आणखी थांबलात तर दुसरा खुबाही ताण घेईल.

सु.नं एवढंच विचारलं, "मंग?" मी म्हटलं पाहतो. ती म्हणाली, "पाहा." नंतर शेजारच्या भौजींशी अंगणात बोलत होती, खिडकीतून ऐकू आलं. भौजी विचारत होत्या घर कसं सांभाळते एवढ्या नोकरीत. सु. म्हणाली, "ये मदद करते हैं न."

मदत. सकाळची पोळी, डबे दोन, भांडी, कपडे, किराणा, दूध, आणि हे मदत करतेत. मदत म्हणजे काम दुसऱ्याचं. म्हणजे हे सगळं अजून तिचंच आहे, मी मधे मधे करतो आहे. तिला सांगावंसं वाटलं. मग आठवलं, श्रेया लहान असताना मीही चार लोकांत म्हणायचो, मी सुषमाला मदत करतो. रविवारी अंडाकरी करायचो, तेवढ्यावर.

२४ नोव्हें., सोमवार

आज कचेरीत जाऊन आलो. शपथपत्र झालं.

नीट लिहितो. श्रेयानं स्कूटीवरून गेटपाशी सोडलं. झाडाखाली टायपिस्ट लोकांची रांग, एकाकडे बसलो. फोन दाखवला. तो म्हणाला, समझ गया, आश्रित वाला है, रोज बीस बनाते हैं. फोन परत केला, माझी, सुषमाची नावं विचारली आणि न पाहता टाइप करायला लागला. कागद निघाला. त्यावर होतं:

"कि मेरी पत्नी मुझ पर पूर्णतः आश्रित है, उसकी आय का कोई साधन नहीं है तथा वह मेरे साथ निवासरत है."

त्यानं रोजच्या सवयीनं ठोकून दिलं. उलटं असू शकतं हे त्याच्या बोटांना माहीतच नाही.

मी वाचलं. दोनदा वाचलं. सांगायला तोंड उघडलं होतं. सांगायचं म्हणजे चार लोकांत म्हणायचं, नाही हो, मी तिच्यावर आहे. बाजूला दोन जण बसले होते, एक ओळखीच्यासारखा. मी काही बोललो नाही. नोटरीनं शिक्का मारला, मी सही केली. सही इतकी सुरेख आली, कित्येक दिवसांत अशी आली नव्हती.

बाहेर चहा घेतला. बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटत होतं.

२५ नोव्हें., मंगळवार

सकाळी सु.ला पाकीट दिलं. तिनं पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. उघडलं नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, जिथं ती पगाराची स्लिप ठेवते. "वाचून घे" एवढंच म्हणायचं होतं. बसची वेळ झाली होती. तिला थांबवलं असतं तर थांबली असती.

वाटलं, त्यांचा बाबूही शिक्का पाहून लावून टाकेल. सरकारी कागद कोण वाचतो. हा विचार कालपासून धरून बसलो आहे.

२९ नोव्हें., शनिवार

सु.ला सुट्टी. सकाळी उठलो तर ओट्यावर पोहे तयार. मला म्हणाली, बसा. श्रेयाला जिलेबी आणायला पाठवलं. मी धुतलेल्या ताटल्या तिनं तशाच मांडणीत लावल्या, पाण्याखाली न धरता. मी पाहत होतो.

जेवल्यावर जवळ बसली. म्हणाली, "मले मालूम आहे तुमाले किती जड गेलं ते. मी त्या दिवशी कार्डाचं बोलली ते बोलायला नाही पायजे होतं."

मी म्हटलं, जाऊ दे.

कित्येक महिन्यांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. तेव्हाच सांगायला हवं होतं. सोमवारी दुसरा कागद करून देता आला असता, कोणाला कळलंही नसतं. पण मग हा शनिवार गेला असता. मी शनिवार ठेवला.

४ डिसें., गुरुवार

फाईल परत आली.

सु. पावणेसातला आली. पर्स खुंटीला अडकवली. पाणी स्वतः घेतलं. कागद माझ्यासमोर ठेवला आणि उभीच राहिली. तिच्या सेक्शनमध्ये बाबूनं मोठ्यानं वाचून दाखवलं. अकरा जण बसतात तिथं. "मैडम, आप तो आय का कोई साधन नहीं रखतीं, फिर यहाँ किसलिए आती हैं?" सगळे हसले. तीही हसली म्हणे, काय करणार. मग शिपायानं पाणी आणून दिलं.

मी म्हटलं टायपिस्टची चूक. त्यांना सवय असते.

"तुमी वाचलं नवतं?"

"चष्मा नव्हता."

ती आत गेली. स्वयंपाक झालेला होता, वाढून घेतला, खोलीत जाऊन जेवली.

५ डिसें., शुक्रवार

श्रेयाला मोजे चढवायला सांगितले. चढवता चढवता खाली पाहतच म्हणाली, "पापा, चश्मा तो आप पहन के गए थे. मैंने ही छोड़ा था आपको."

मी दुसरा पाय पुढं केला. ती म्हणाली, "मम्मी ने पूछा मुझसे." म्हणजे तिला कळलं आहे. दुसरा मोजाही श्रेयानं चढवला, व्यवस्थित, टाच जागेवर.

वाटलं होतं सु. भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मलाही चार गोष्टी सुनावता आल्या असत्या. कन्सल्टन्सी तिनंच काढली होती. विहारात मी खरं न सांगणं चालतं आणि कचेरीत चालत नाही का? हा मुद्दा दिवसभर घोळवला. स्वतःशी बोलताना फार छान बसतो. तिच्यासमोर बसणार नाही, कारण ती लोकांपासून लपवत होती आणि मी तिच्यापासून.

९ डिसें., मंगळवार

नवा रायपूरला सु.ला क्वार्टर मिळून महिना झाला होता. मला माहीत नव्हतं. तिसरा माळा, लिफ्ट नाही. माझ्यानं चढवणार नाही म्हणून ती नाकारणार होती. आज स्वीकारल्याचं पत्र देऊन आली.

सांगताना आवाज अगदी साधा. "बसमदे रोज दोन तास जातेत. श्रेयाचं कॉलेजही तिकडंच आहे." मी विचारलं आणि मी? "तुमाले तीन माळे चढता येत नाही ना." यात खोटं काहीच नाही. दुसरा शब्द असता तर मी भांडलो असतो.

मी म्हटलं, दोन दिवसांत नवा कागद करून देतो. ती म्हणाली, "तुमची मर्जी. मी आता काही नाही म्हननार."

१४ डिसें., रविवार

सामान. टेम्पो अकराला आला. पलंग एक, श्रेयाचं टेबल, कपाट, गॅसची जुनी शेगडी. टेम्पोवाला प्रत्येक वस्तूला मलाच विचारत होता, "साहब, ये कहाँ रखें?" मी म्हणायचो मॅडमला विचारा. तो परत मलाच विचारायचा.

स्वयंपाकघरात सु. गोंधळली. मोहरी कुठं, हिंग कुठं, तिला आता ठाऊक नाही. दीड वर्षात सगळ्या जागा माझ्या झाल्या. मीच छोट्या डब्यांत भरून दिलं, वर चिठ्ठ्या लावल्या. तांदळाला पाणी किती, तेही लिहून दिलं, नवा तांदूळ कमी पाणी घेतो. तिनं चिठ्ठी वाचली, घडी करून ठेवली. क्षणभर वाटलं हसेल.

भौजी दारात उभ्या. म्हणाल्या, "भैया अकेला कइसे रहिही, खाना कौन बनाही?" सु. म्हणाली, "बना लेते हैं, इन्हें सब आता है." दीड वर्षात पहिल्यांदा तिनं हे बाहेरच्या माणसासमोर म्हटलं. जातानाच्या दिवशी.

१८ डिसें., गुरुवार

ऑपरेशनची तारीख आज होती. हॉस्पिटलमधून फोन आला, येताय का. म्हटलं मंजुरी नाही. बाई म्हणाली, "वाइफ से बात करा दीजिए, पेपर वही देखती होंगी." फोन ठेवला.

मटार सोलले. एका माणसाची भाजी जमत नाही, किती केली तरी दोन दिवस पुरते. खुबा ठणकतो आहे. उजवाही आता कुरकुरतो, डॉक्टर म्हणाला होता तसं.

घरात माझ्यामागून कोणी काही धुवत नाही. भांडी जिथं ठेवतो तिथंच असतात. हेच पाहिजे होतं ना.

२३ डिसें., मंगळवार

ऑटो करून परत कचेरीत गेलो. तोच टायपिस्ट. ओळखलं नाही. या वेळी म्हटलं, मजकूर मी वाचतो, तुम्ही एकेक शब्द टाइप करा. "मैं अपनी पत्नी पर" इथं तो थांबला. "उल्टा बोल रहे हैं भैया." म्हटलं सुलटंच आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मग आवाज हळू केला, "बीमार हैं क्या?" बाजूचे ऐकायला लागले. मी म्हटलं, हो, आणि बरा असतो तरी हेच लिहिलं असतं. हे शेवटचं खरं होतं का, माहीत नाही. पण मोठ्यानं म्हटलं.

कागद तीनदा वाचला. सही केली. या वेळची सही तेवढी सुरेख आली नाही.

कोणाला काही वाटलं नाही. पाच मिनिटांत पुढचा माणूस बसला होता. एवढ्यासाठी मी १८ तारीख घालवली.

२८ डिसें., रविवार

नवा रायपूरला गेलो. बस, मग ऑटो. रस्ते एवढे रुंद की चालणारा माणूस उगाच वाटतो. तिसरा माळा. प्रत्येक जिन्यावर बसलो, शेवटचा कठड्याला धरून, एकेक पाय. श्रेयानं दार उघडलं, "पापा, फोन कर देते, मैं नीचे आ जाती." सु.नं खुर्ची दिली.

घर स्वच्छ. ओट्यावर माझ्या चिठ्ठ्या लावलेले डबे.

कागद दिला. तिनं पाकीट लगेच उघडलं आणि पूर्ण वाचलं, एकेक ओळ, बोट ठेवून. शिक्का, तारीख, सगळं. मी वाट पाहत होतो काय म्हणते. मग म्हणाली, "हे ठीक हाय." पुढं म्हणाली, "पन यावर मले भी लिहून द्या लागते. कर्मचाऱ्याची घोषणा. आश्रित माझ्यासोबत राहते म्हनून."

निवासरत हा शब्द मी तीनदा वाचला होता. माझं सगळं लक्ष पूर्णतःकडे होतं.

"नवीन तारीख कवा देतेत?" म्हटलं, मंजुरीची फाईल पाच तारखेपर्यंत गेली तर जानेवारीच्या शेवटी. "ठेवा," ती म्हणाली, "पाहते." तिनं वरण-भात वाढला. भात थोडा गिच्च होता. मी छान झाला म्हटलं. ती म्हणाली, "खोटं नका बोलू." तिघांनीही खाली पाहून जेवण संपवलं.

उतरताना श्रेया सोबत आली. वाटलं होतं सु. म्हणेल आजची रात्र थांबा. परत जिना नको म्हणून तरी.

२ जाने., शुक्रवार

विचार करतो आहे. तिथं राहिल्याशिवाय ऑपरेशन नाही. ऑपरेशन झाल्याशिवाय तिथं चढता येत नाही. एकदा चढून गेलो की महिनाभर खाली उतरायचं नाही, असं करता येईल. पण ते तिनं म्हणायला हवं. घर तिचं आहे. मी कुठल्या तोंडानं सामान घेऊन जाऊ.

ती बावीस वर्षांपूर्वी अकोल्याहून माझ्या घरी आली तेव्हा राहायला येऊ का, असं तिला विचारावं लागलं नव्हतं. येऊ नको म्हणायचीही सोय नव्हती. हे आज सुचलं. सुचून काही उपयोग नाही.

५ जाने., सोमवार

सकाळी साडेदहाला सु.चा फोन, ऑफिसातून. घोषणेचा फॉर्म समोर आहे म्हणाली. बाबू बारा वाजता फाईल वर पाठवणार.

"खरं लिहा लागते यात," म्हणाली. "मागच्या वेळेस मी हसून घेतलं. आता माझी सही हाय. तुमीच सांगा, काय लिहू?"

राहतो लिही, असं म्हणता येत नव्हतं. तेवढी लाज शिल्लक आहे. नाही राहत लिही, म्हटलं असतं तर पाय गेला. मग जे तोंडाशी आठ दिवस होतं ते म्हटलं. म्हटलं, मी तिकडं येतो राहायला. आज संध्याकाळीच येतो. श्रेयाला खाली पाठव. मग ते खरंच होईल. येऊ का?

आवाज माझाच होता पण ओळखू येत नव्हता.

तिच्या मागं पंख्याचा, कोणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. मला वाटलं कट झाला, स्क्रीन पाहिला, चालू होता. ती म्हणाली, "मले थोडं बरं वाटून राहिलं होतं इथं." एवढंच. रागानं नाही. तब्येतीचं सांगावं तसं.

मी हं म्हटलं.

मग तिला कोणीतरी हाक मारली, मैडम, फाइल. ठेवते म्हणाली. आता पावणेएक झाला आहे, फाईल वर गेली असेल, तिनं काय लिहिलं ते कळलेलं नाही. पिशवीत दोन शर्ट, औषधं, चष्मा भरून ठेवला आहे. गॅसची नळी बंद केली आहे. फोन समोर आहे.